खर्जाचा खोका

४ ऑगस्ट

टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या पायरीवर बसून आम्ही दोघं डबा खायचो. हे खाली यंत्रांच्या खोलीत कामाला, मी वर हेडफोन लावून बसणाऱ्या मुलींपैकी एक. लग्नबिग्न काही ठरलेलं नव्हतं. पायरी सावलीची होती, एवढंच निमित्त. एके दुपारी घास हातात धरून मी म्हटलं, "आज डायल टोन जरा बसलाय, नाही?" हे हसले. हात धुऊन आत गेले आणि बाहेर आले ते न हसता. आत खरंच कसलासा भाग तापला होता आणि सूर केसभर उतरला होता. पुढे आयुष्यभर यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगितली: "मी हिचे कान मागायला गेलो होतो. बाकीची ही सोबत आली."

ती पायरी आज आठवली, कारण आज मी पुन्हा शाळेत जाऊन आले. तंत्रशाळेचा संध्याकाळचा वर्ग, विषय ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक्स, वयाची अट नाही. 'अट नाही' म्हणजे नेमकं काय, हे त्यांना मला दारात पाहून कळलं असावं. सर माझ्या लेकीच्या वयाचे. अदबीने उठून म्हणाले, "या ना. आपण कुणाच्या पालक?"

"माझीच," मी म्हटलं.

वर्ग हसला. मीही हसले. मग बाकात पाय अडकून पडता पडता वाचले, तेव्हा कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

७ ऑगस्ट

सत्राच्या शेवटी प्रत्येक जोडीने एक वस्तू बनवून परीक्षकांसमोर चालवून दाखवायची. फळ्यावर यादी होती: दाराची बेल, बॅटरी चार्जर, छोटा रेडिओ, सबवूफर. सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, ढोबळ मानाने ऐंशी हर्ट्झच्या खालचे सूर. वरचं काही तो गातच नाही. त्याला मोठा लाकडी खोका लागतो, म्हणून सुतारकामाला घाबरून कोणी हात वर करेना.

सरांनी जुना एक सबवूफर लावून दाखवला. काय सांगू! हल्ली सगळेच आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटतात. गायक तोंडात घास धरून गातात, बातम्या देणारे ओठातल्या ओठात देतात. पण हा आवाज स्वच्छ होता. फरशीतून निघाला, पायातून चढला आणि बरगड्यांत येऊन बसला. कित्येक दिवसांनी एखादा आवाज मला पुरता मिळाला. मी हात वर केला.

जोडीला उरलेली मुलगी मिळाली. तिला नाव विचारलं, तिने काहीतरी सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा काहीतरी सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, तेव्हा मनातल्या मनात तिचं बारसं करून टाकलं: पुटपुट. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, शेवटचं अक्षर गिळू नका, ते तुमच्या मालकीचं नाही, ऐकणाऱ्याचं आहे. या मुलीने तर पहिलंही गिळलं होतं.

सरांकडून कळलं ते असं: गेल्या सत्रात तिचा जोडीदार मधेच सोडून गेला, ती नापास झाली. ही तिची दुसरी आणि शेवटची संधी. एका नाट्यगृहात ध्वनीच्या टेबलावर तिला काम मिळण्यासारखं आहे, पण प्रमाणपत्र हातात हवं.

"मॅडम, तुम्ही सोडून जाणार नाही ना?" सरांनी विचारलं.

"या वयात जाणार कुठे?" मी म्हटलं. आणि पुटपुटकडे वळून, "घाबरू नकोस. माझ्याकडे कान आहेत."

१० ऑगस्ट, रविवार

लेकीचा फोन. नात आता चार वर्षांची, फोनवर खूप बोलते म्हणे. मला तर चिवचिवाटापलीकडे काही मिळत नाही. लाइन कसली ही! आमच्या एक्स्चेंजमध्ये अशी लाइन असती तर मी स्वतःहून माफी मागितली असती. दोन मिनिटं "हो का, अरे वा" केलं आणि फोन यांच्याकडे दिला. हे अर्धा तास बोलत बसले. हल्ली ती थेट आजोबांनाच मागते. लाडोबा.

१९ ऑगस्ट

यांची मला काळजी वाटू लागली आहे. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात. "चहा ठेवू का?" मी "ठेवा" म्हणते. मग समोर येऊन, खांद्यावर हात ठेवून, पुन्हा "चहा ठेवू का?" खांद्यावर हात ठेवणं तर इतकं वाढलं आहे की परवा भाजीवाल्यासमोर मला संकोच वाटला. दाराची बेल काढून तिथे लाल दिवा लावला. बेलने दचकायला होतं म्हणे. टीव्हीवर खाली अक्षरं चालू ठेवतात आणि आवाज एवढा करतात की शेजारीण दोनदा येऊन गेली.

विसरणं असंच सुरू होतं, असं मी वाचलं आहे. आधी बोलणं दोनदा, मग नावं जातात. देवा, माझं नाव शेवटी जाऊ दे.

२५ ऑगस्ट

सरांनी आज एक यंत्र लावलं. ते खालच्या सुरापासून हळूहळू वर चढत जातं. सगळ्यांनी हात वर करायचे, ऐकू येईनासं झालं की खाली. मी अगदी चोख लक्ष देऊन ऐकलं, आवाज थांबला त्या क्षणी हात खाली. बाकी वर्ग हात वर धरून तसाच बसलेला! यंत्र बंद पडलं तरी कोणाला पत्ता नाही. मोबाइलच्या पिढीचं लक्ष हे असं. मी सरांना खुणेनेच सांगितलं की यंत्र तपासून घ्या. ते चष्मा पुसत राहिले. पुटपुट माझ्याकडे बघत होती. प्रभावित झाली असावी.

३ सप्टेंबर

खोक्याचं गणित. स्पीकर दहा इंची. त्याला किती हवा लागते हे सरांच्या तक्त्यात आहे. त्यावरून खोक्याचं आकारमान काढायचं. त्यात एक नळी बसवायची, नळांची साधी प्लास्टिकची चालते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तसा हा खोका घुमतो. नळी लांब तर सूर खाली. मला हे इतकं आवडलं की मी घरातल्या सगळ्या बाटल्यांवर फुंकून पाहिलं. हे दारात उभे राहून पाहत होते. विसरण्याच्या आजाराबद्दल या घरात नेमकं कोण कोणाची काळजी करतंय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता.

गणित मी केलं. एक बारीकशी चूक झाली: मापं बाहेरून धरली, फळीची जाडी विसरले. ती पुटपुटने पकडली, पण फळ्या कापून आणल्यानंतर. म्हणजे तिने आधीच सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, बाळ, सांगायचं तर तोंड उघडून सांगायचं. मोठ्या मापाच्या फळ्या पुन्हा कापून आणल्या.

९ सप्टेंबर

खोका आमच्या बैठकीत उभा. हे भोवती एक फेरी मारून म्हणाले, "यात कोण राहायला येणार?" मग खांद्यावर हात ठेवून पुन्हा, "यात कोण राहायला येणार?"

विनोदसुद्धा दोनदा. मी डॉक्टरांची वेळ घेतली.

१२ सप्टेंबर

स्मृतीच्या डॉक्टरीणबाई. यांना शब्द लक्षात ठेवायला लावले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. यांनी सगळं करून वर बाईंच्या भिंतीवरचं घड्याळ मागे आहे हेही सांगितलं. पैकीच्या पैकी. येताना छाती काढून चालत होते.

बाईंनी मला बाजूला घेऊन एक कार्ड दिलं. माझ्याच डोळ्यांत बघत, अगदी सावकाश म्हणाल्या, "एकदा तुम्ही यांना भेटून या." म्हणजे माझीच स्मृती! मला संताप आला. घरी आले तर खोका एका पायावर डुगडुगत होता. कार्ड दुमडून पायाखाली सारलं. अगदी बरोबर बसलं.

२० सप्टेंबर

खोक्याच्या आत लोकर किंवा कापूस भरतात, म्हणजे आतल्या आत आवाज आपटत नाही. दुकानात पांढरी लोकर मिळते. पण कपाटात यांचा मरून स्वेटर तसाच पडून होता, कोपरांवर विरलेला. मी तो उसवून, पिंजून भरला. मापाने शिवल्यासारखा छान बसला.

संध्याकाळी हे कपाट उपसत होते. "काय शोधताय?" "स्वेटर." मी खोक्याकडे पाहिलं नाही. पाप लपवण्याची ही पद्धत कॉन्व्हेंटमध्येच शिकले: जिकडे पाप आहे तिकडे पाहायचं नाही.

२७ सप्टेंबर

आज मागची फळी बसवली. बाकीच्या जोड्या तिला स्क्रू लावतात आणि मधे रबराची पट्टी, म्हणजे काही बिघडलं तर उघडता येतं. मी म्हटलं, बिघडतं कशाला? सिस्टर म्हणायच्या, काम एकदाच आणि पक्कं. सरळ गोंद लावला, वरून जाड थर, वरून वजन म्हणून शब्दकोश आणि स्वतः बसले. पुटपुट दोन्ही हात हलवून काहीतरी म्हणत होती. तिचा आवाज म्हणजे पुस्तकाचं पान उलटल्यासारखा. मी हसून तिच्या पाठीवर थोपटलं.

३० सप्टेंबर

पहिला सूर! बटण फिरवलं आणि खोका बोलला. खालच्या फरशीपासून खिडकीच्या गजापर्यंत सगळं घुमलं. नळीतून मरून लोकरीचा एक धागा बाहेर आला आणि सापासारखा डोलायला लागला. हे दारात येऊन थांबले. धाग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"माझा स्वेटर गातोय," म्हणाले. एकदाच.

मी पोट धरून हसले. पुटपुटही हसली, पण मधेच गप्प झाली. मान वाकडी करून खोक्याच्या मागे जाऊन उभी राहिली. यांनीही कपाळाला आठी घातली. मी विचारलं, काय झालं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काही नाही," हे म्हणाले. "छान झालाय. छान झालाय."

५ ऑक्टोबर, रविवार

नातीचा फोन नाही. म्हणजे आला होता, मी अंघोळीला होते. तिने मला मागितलं का, विचारलं. हे म्हणाले, घाईत होती.

१४ ऑक्टोबर

वर्गात खोका लावला. आसपासचे सगळे मान वळवून बघायला लागले. एका मुलाने चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. मी पुटपुटला म्हटलं, "बघ, खर्जाचा धाक." सर मागे जाऊन वाकले, फळीच्या कडेवरून हात फिरवला.

पुटपुटने मला बाहेर नेलं. आज पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलली, अगदी लाल होऊन, आणि मला सगळं ऐकू आलं. "मावशी, मागून शिट्टी येतेय. बारीक. हवा निसटतेय. परीक्षकांना पहिल्या सेकंदात कळेल. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं!"

मी भडकले. म्हटलं, "मी पस्तीस वर्षं हेच काम केलंय. माणसाच्या श्वासावरून कोण बोलतंय ते सांगायचे. या खोक्यातून कसलीही शिट्टी येत नाही. मी कान लावून इंच इंच तपासलाय."

"येते मावशी."

"तुझ्या कानात वारं शिरलंय," मी म्हटलं आणि पिशवी उचलून घरी आले.

काय हा उद्धटपणा. तिचा की माझा, हे अजून ठरवते आहे.

१५ ऑक्टोबर

गेले नाही. डोकं दुखतं, असं यांना सांगितलं. दिवसभर खोक्यावर हात ठेवून बसले होते. म्हणजे खोका तर वर्गातच आहे, तरी त्या रिकाम्या जागी मला तो दिसत राहिला. मी स्टुलावर हात ठेवून बसले होते. वेडी बाई.

१६ ऑक्टोबर

आज घाईघाईने लिहितेय. अक्षराबद्दल सिस्टरांनी माफ करावं.

वर्गात मी शिरले तेव्हा पुटपुट आधीच आली होती. तिने टेबलाच्या खणातून मेणबत्ती काढली, लावली, खोका चालू केला. मग माझं मनगट धरून मला मागे नेलं आणि ज्योत फळीच्या कडेजवळून हळूहळू सरकवत गेली. वरची कड: ज्योत सरळ. उजवी कड: सरळ. डाव्या खालच्या कोपऱ्यात आली आणि ज्योत आडवी झाली. पुन्हा उठली. पुन्हा आडवी. प्रत्येक ठोक्याला, कोणीतरी फुंकर मारत असल्यासारखी.

मी वाकून कान लावला. ज्योतीने माझे दोन केस जाळले, त्याचा वास आला. आवाज आला नाही.

माणसं चेष्टा करतात, मुलं लक्ष देत नाहीत, यंत्रं बिघडतात. ज्योतीला माझ्याशी काय घेणंदेणं? ती आपली वाकत होती.

"सर," मी म्हटलं, "ते वर चढत जाणारं यंत्र लावता का?" त्यांनी लावलं. या वेळी मी यंत्राकडे पाहिलं नाही, मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आवाज थांबला, आणि ते ऐकत राहिले. ऐकत राहिले. एका मुलीने तोंड वाकडं केलं, इतका तो तिला टोचत होता. खोली माझ्यासाठी अगदी शांत होती, आणि त्या शांततेत सगळे काहीतरी ऐकत बसले होते.

पुटपुट रडत होती. मी तिला म्हटलं, "तू का रडतेस? कान माझे गेलेत." मग म्हटलं, "तुझं नाव लिहून दे बघू." तिने फळ्यावर लिहिलं. सुंदर नाव आहे. पण या डायरीत ती आता पुटपुटच राहणार. आणि पुटपुटत ती कधीच नव्हती, हेही लिहून ठेवते.

१७ ऑक्टोबर

सकाळी यांच्यासमोर बसले. "केव्हापासून?"

यांनी विचारलं नाही कशाबद्दल. "तीनेक वर्षं झाली असतील."

"आणि तुम्ही गप्प बसलात? मी तुम्हाला विसरभोळे ठरवून डॉक्टरांकडे फरफटत नेलं, तेव्हासुद्धा?"

"तेव्हा सांगणार होतो. पण मला पैकीच्या पैकी मिळाले. म्हटलं, एक दिवस तरी मिरवू."

मी हसले नाही, म्हणून मग हे खाली बघून म्हणाले, "सगळ्या गावाला मी तुझे कान सांगत आलो. आता मीच कसं सांगू की... दिवा लावला, समोर येऊन बोललो, भागत होतं. भागत नव्हतं का?"

भागत होतं. खांद्यावरचा तो हात मी प्रेम समजले होते. समजले ते चुकीचं होतं, असं आता म्हणता येईना.

१९ ऑक्टोबर, रविवार

फोन वाजला, म्हणजे हे उठले त्यावरून कळलं. मी म्हटलं, तिला सांगा आजीचे कान बिघडलेत. यांनी सांगितलं. पलीकडे बराच वेळ चिवचिव. मग हे फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"ती विचारतेय, म्हणजे आजी माझ्यावर रागावली नव्हती?"

मी खिडकीकडे वळले, तेव्हा हे जवळ आले, खांद्यावर हात ठेवला, पुन्हा सांगितलं. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

२२ ऑक्टोबर

रडून झालं. आता खोका. परीक्षा जवळ आली आणि 'एकदाच आणि पक्कं' केलेलं ते काम उघडायचं कसं? गोंद माझ्या स्वभावासारखा, मोडेल पण सुटणार नाही. शेवटी करवत. मी कापत होते, पुटपुटने खोका धरला होता. मागची फळी गेली, सोबत तीन कोपरेही. शब्दकोशाचं वजन टाकलं होतं तिथे फळी जराशी वाकली होती, म्हणून फट. ज्ञानाच्या भाराखाली वाकलेली फळी मी पहिल्यांदाच पाहिली.

२९ ऑक्टोबर

नवी फळी, स्क्रू, रबराची पट्टी. कामाची वाटणी बदलली. पुटपुट मागे कान लावून बसते आणि बोटाने दाखवते: इथे. मी तिथे पुट्टी भरते. ती मान हलवते: अजून. पुन्हा भरते. माझे हात चांगले आहेत, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आजवर त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. दुपारी तिने एकदम दोन्ही अंगठे वर केले. मेणबत्ती चारी कडांवरून फिरवली. ज्योत उभी, शहाण्या मुलीसारखी.

६ नोव्हेंबर

परीक्षा. परीक्षक बाहेरचे, उंच, मिशीवाले. मिशी ओठांवर आली की मला अर्धं बोलणं दिसत नाही, हे नव्याने कळलेलं शास्त्र. मी आधीच सांगून टाकलं, "मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. प्रश्न तिला विचारा, नाहीतर मला समोर उभं राहून."

ते चपापले, मग समोर येऊन उभे राहिले. मागची ओबडधोबड फळी पाहून म्हणाले, "हे काय केलंय?"

"चूक," मी म्हटलं. "तिने सांगितली होती. मी ऐकली नाही. दोन्ही अर्थांनी."

त्यांनी पुटपुटला विचारलं, गळती कशी शोधली, ऐंशीच्या वर आवाज का कापला, नळी एवढीच लांब का. ती बोलत राहिली. मी तिचे ओठ बघत होते. एकही अक्षर गिळत नव्हती. सिस्टरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

मग खोका लावला. टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरला, पाण्यावर वर्तुळं उठली. परीक्षक मागे जाऊन वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी पुटपुटकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली: नाही, काही येत नाहीये.

पास. दोघी. फळीच्या रूपाबद्दल गुण कापले. ते मी माझ्या नावावर घेते.

१३ नोव्हेंबर

खोका वर्गात नेला तेव्हा बैठकीत फरशीवरच राहिलेलं ते कार्ड उचलून सरळ केलं आणि त्या डॉक्टरांकडे गेले. कानाचेच होते. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. हेडफोन लावताच पाठ आपोआप ताठ झाली आणि तोंडून "नंबर प्लीज" येता येता राहिलं.

मग त्यांनी माझा आलेख काढून हातात दिला. डावीकडे, खर्जात, रेघ अगदी सपाट, तरुण मुलीला शोभेल अशी. पुढे उतार, आणि मग सरळ कडा. मी पिशवीतून प्रकल्पाची फाइल काढली, आमच्या सबवूफरचा आलेख त्याच्याशेजारी ठेवला. डॉक्टर दोन्ही कागदांकडे बघत राहिले.

"हे कोणाचे कान?" त्यांनी विचारलं.

"हा खोका आहे," मी म्हटलं. "आणि ही मी."

एवढा खटाटोप करून, गणितं करून, करवत चालवून मी स्वतःलाच बनवलं होतं. निदान त्याला पास तरी केलं कोणीतरी.

कानात घालायचं यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. बरंचसं परत येईल म्हणाले. सगळं नाही, अगदी वरचं, बारीक, ते गेलं ते गेलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जे आवाज परत येणार नाहीत त्यांची, आणि सामानाचीही, रीतसर वाटणी करून ठेवावी, म्हणजे मागे भांडणं नकोत. हे पान यांच्यासाठी उघडं ठेवते.

खोका पुटपुटला द्यावा. नाट्यगृहाला त्याचा उपयोग नाही, त्यांच्याकडे मोठे आहेत. पण तिची खोली लहान आहे आणि तिच्याकडे टेबल नाही. मागचा एक स्क्रू आखूड आहे, तिला माहीत आहे.

करवत आणि उरलेली पुट्टी तंत्रशाळेला. गोंद कोणालाही देऊ नये.

डासाची गुणगुण माझ्या थोरल्या नणंदेला, बिनशर्त. लग्न झाल्यापासून त्यांना काहीतरी द्यायचं मनात होतं.

दूध वर येण्याआधी पातेल्यात जी सळसळ होते ती यांना. म्हणजे यापुढे दूध उतू गेलं तर दोष कोणाचा, हे ठरलं.

पहाटेचे पक्षीही यांनाच. पण ते एकट्याने ठेवायचे नाहीत. चहाच्या वेळी समोर बसून सांगायचं, आज कोण आलं होतं, आणि नक्कल करून दाखवायची. कितीही वाईट झाली तरी मी दोनदा मागेन.

यांना नवा स्वेटर लेकीने आणावा. रंग मरून.

ऐंशीच्या खालचं सगळं माझ्याकडे राहील: गडगडाट, जिन्यावरून येणारी पावलं, आणि यांच्या छातीला डोकं टेकलं की आतून येतो तो आवाज.

नातीचा आवाज वाटणीत नाही. तो कोणाला द्यायचा नाही, आजोबांनासुद्धा नाही. रविवारी मला घंटी ऐकू येवो न येवो, फोन आला की आधी माझ्या हातात द्यावा. मला अर्धंच कळलं तरी फोन काढून घेऊ नये.